बाळाला झोळीत पाजताना

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो माणसे ऊसतोडीला निघतात. बैलगाडी, ट्रॅक्टर, मालमोटार, मिळेल त्यात संसार भरतात. धनगराच्या बाया मेंढरांबरोबर मैलोन् मैल चालतात. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणी खडी फोडायला. यांतल्या कित्येक बायांच्या अंगावर तान्हे मूल असते. कामाला वेळ आहे, बाळाच्या भुकेला नाही. म्हणून आपल्या बाया जुन्या लुगड्याची झोळी करून मूल अंगाशी बांधतात आणि वाटेतच पाजतात.

ही रीत चांगली आहे. ती अडाणीपणाची आहे, असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. सन १९७८ मध्ये कोलंबिया देशात बोगोटा शहरी एका इस्पितळात अपुऱ्या दिवसांची मुले फार होती. त्यांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडत. तेव्हा डॉक्टरांनी ती मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आईच्या अंगाची ऊब मिळाली, दूध जवळ राहिले, मुले सावरली. कांगारू नावाचा प्राणी आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत ठेवतो. त्यावरून या पद्धतीला कांगारू पद्धत म्हणतात. आज आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही ती शिकवतात.

आता दूध कसे तयार होते ते पाहू. बाळ जितके ओढते, तितके नवे दूध तयार होते. पाजणे लांबले, तर छाती दगडासारखी होते, ठणकते, कधी तापही येतो. असे रोज होऊ लागले, तर दूध हळूहळू कमी होते. पहिल्या महिन्यांत बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. बाळ झोळीत जवळ असले, की त्याने तोंड वळवले, मूठ चोखली, की आईला लगेच कळते. रडेपर्यंत थांबावे लागत नाही.

बाई उन्हातून आली की घरची म्हातारी म्हणते, "थांब गं, तापलेलं दूध पाजू नको. बाळाला बाधेल." कोणी ते दूध पिळून टाकायला लावतात. यात तथ्य नाही. उन्हाने दूध अंगातल्या अंगात नासत नाही. आईने सावलीत बसावे, पाणी प्यावे, हात धुवावेत, घाम पुसावा आणि बाळाला खुशाल पाजावे.

दुसरी समजूत पाण्याची. "उन्हाळा आहे, पोराचा घसा सुकेल," म्हणून चमचाभर पाणी पाजतात. आईच्या दुधात शंभरातले सुमारे ८७ भाग पाणीच असते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी, मध, घुटी काही लागत नाही. तळावरचे पाणी कुठले, कसले, कोणाला ठाऊक? त्याने बाळाला हगवण लागते आणि लहान जीव एका दिवसात कोमेजतो. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, खिमट सुरू करावे. अंगावरचे दूध मात्र दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे.

पण बायांनो, झोळीत एक धोकाही आहे. तो नीट समजून घ्या. लहान बाळाची मान धरत नाही. झोळीत ते मुडपून बसले, हनुवटी छातीला टेकली, तर श्वासाची वाट दबते. नाक कापडात किंवा आईच्या अंगात रुतले, तरी तेच होते. अशा वेळी बाळ रडत नाही, धडपडत नाही. आईला वाटते, झोपले आहे.

म्हणून झोळी घट्ट बांधावी. बाळ उभे, छातीशी, इतके वर असावे की मान वाकवली तर त्याच्या डोक्याचा मुका घेता यावा. तोंड कापडाबाहेर, डोळ्यांसमोर हवे. हनुवटीखाली दोन बोटे मावली पाहिजेत. पाय बेडकासारखे फाकलेले, गुडघे ढुंगणापेक्षा वर असावेत. गाठ ओढून पाहावी. कापड सुती असावे, विरलेले नसावे.

पाजताना गाठ थोडी सैल करून बाळ खाली घ्यावे. डोक्याला हाताचा आधार द्यावा. पदर घेतला तरी नाक-तोंड दिसत राहिले पाहिजे. पिऊन झाले की बाळ काढून खांद्यावर घ्यावे, ढेकर काढावी आणि पुन्हा पहिल्यासारखे वर बांधावे. अंगावर पीत पीत झोळीतच झोपू देऊ नये. चार महिन्यांच्या आतले बाळ, अपुऱ्या दिवसांचे किंवा सर्दी झालेले बाळ चालता चालता पाजू नये. दोन घटका बसावे आणि पाजावे. मोठ्या बाळालाही सपाट वाटेवर, डोक्यावर ओझे नसतानाच चालत पाजावे. चुलीपाशी, कोयता हातात असताना, फटफटीवर बाळ झोळीत नको.

हे सारे एकट्या आईच्याने होणारे नाही. वाटेने जाताना डोक्यावरची मोळी नवऱ्याने घ्यावी. मुकादमाने पाजण्यापुरती सुट्टी द्यावी, तेवढ्याने ऊस वाळत नाही. सासूने सुनेच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, शेंगदाणे वाढावेत. आईने पोटभर जेवावे, तहान लागेल तेव्हा पाणी प्यावे.

रायगडाच्या हिरकणीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे भुकेले होते, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली, असे सांगतात. आता एस.टी.च्या पुष्कळ स्थानकांवर तिच्या नावाची खोली असते. तिला हिरकणी कक्ष म्हणतात. प्रवासात तिथे निवांत बसून बाळाला पाजावे. दारावरची पाटी तुम्हाला आता वाचता येते. खोलीला कुलूप असेल, तर किल्ली मागावी. त्यात लाज नाही.

लक्षात ठेवा:
बाळाचे तोंड उघडे, नाक मोकळे.
हनुवटी छातीपासून दूर.
पिऊन झाले की बाळ पुन्हा वर.
सहा महिने फक्त आईचे दूध.