बौद्ध ध्यानसाधना : साधकभेद आणि उद्दिष्टभेद

प्रस्तावना

आर्य अष्टांगिक मार्गातील सम्यक् स्मृती व सम्यक् समाधी ही अंगे सर्वांसाठी सारखीच सांगितली आहेत. प्रत्यक्षात मात्र एक साधक श्वासावर चित्त स्थिर करतो, दुसरा शरीरावरील संवेदना पाहतो, तिसरा मैत्रीभावना करतो, तर चौथा 'दुःखितांसाठी काही करणे हीच साधना' असे म्हणतो. आपल्या घरात किंवा विहारात अशी मतभिन्नता आपणही अनुभवली असेल. यांपैकी खरा मार्ग कोणता, असा प्रश्न मग साहजिकच पडतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी या भेदांचे मूळ समजून घेऊ.

१. भेदाची प्राचीनता

हा वाद आधुनिक नाही. अंगुत्तरनिकायातील महाचुंदसुत्तात भिक्षूंचे दोन गट दिसतात. एक ध्यान करणाऱ्यांचा, दुसरा धम्माचे चिंतन करणाऱ्यांचा. चिंतन करणारे ध्यानस्थांची टर उडवीत. ध्यान करणारे चिंतकांना चंचल व वाचाळ ठरवीत. स्थविर महाचुंद दोघांनाही बजावतात, की अशा निंदेने कोणाचेच हित होत नाही. अमृतपदाचा स्वतः अनुभव घेणारे दुर्लभ असतात, तसेच प्रज्ञेने गहन अर्थ जाणणारेही दुर्लभ असतात. म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याची प्रशंसा करावी.

साधनेचीही दोन अंगे परंपरेने मानली आहेत. चित्त शांत व एकाग्र करणे म्हणजे शमथ. अनित्य, दुःख व अनात्म ही लक्षणे प्रत्यक्ष पाहणे म्हणजे विपश्यना. कोणी आधी शमथ साधतो, कोणी आधी विपश्यना, तर कोणी दोन्ही एकत्र; हे तिन्ही क्रम पाली सुत्तांत मान्य आहेत.

२. स्वभावानुसार साधना

पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात ध्यानाचे ४० विषय, म्हणजे कर्मस्थाने, सांगितली असून साधकांचे सहा स्वभाव मानले आहेत. रागप्रधान व्यक्तीला शरीराच्या अशुभत्वाचे चिंतन, द्वेषप्रधान व्यक्तीला मैत्री-करुणादी भावना, तर मोहप्रधान किंवा सतत वितर्क करणाऱ्या व्यक्तीला आनापानस्मृती उपयुक्त मानली आहे. रोग पाहून औषध द्यावे, तसा हा विचार आहे. एकाला लाभलेली पद्धती दुसऱ्याला मानवली नाही, तर तो दोष पद्धतीचाही नसतो आणि साधकाचाही नसतो. मूळचे गोव्याचे असलेले धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली प्रसिद्ध झाली.

३. उद्दिष्टांतील भिन्नता

पद्धतीपेक्षा उद्दिष्टातील भेद अधिक खोल असतो. थेरवादात निर्वाण हे अंतिम ध्येय आहे. महायानात सर्व प्राण्यांच्या मुक्तीसाठी बोधी मिळवण्याचा संकल्प प्रधान ठरतो. आधुनिक काळात आरोग्य हे उद्दिष्टही पुढे आले. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली ताण कमी करण्यासाठी स्मृतिसाधनेवर आधारित उपक्रम सुरू केला.

या संदर्भात सत्यनारायण गोयंका यांचे उदाहरण बोलके आहे. ब्रह्मदेशात असताना तीव्र डोकेदुखीने त्रस्त होऊन ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ आजार बरा व्हावा म्हणून आलेल्याला धम्म शिकवणार नाही, असे गुरूंनी स्पष्ट सांगितले. चित्तशुद्धी हे ध्येय मान्य केल्यावरच १९५५ साली त्यांना प्रवेश मिळाला. डोकेदुखीपासून मुक्तता झाली, पण ती आनुषंगिक फळ म्हणून. पुढे १९६९ साली ते भारतात आले व नंतर इगतपुरी हे त्यांच्या कार्याचे केंद्र झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची भूमिका वेगळी आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात ते विचारतात, की भिक्षू हा स्वतःपुरता पूर्ण पुरुष असावा, की लोकांचा सेवक व मार्गदर्शक? ते समाधी नाकारत नाहीत. मात्र निव्वळ एकाग्रतेने दोष काही काळच दबून राहतात. सम्यक् समाधीने चित्ताला कुशल कर्माचे कायमचे वळण लागले पाहिजे, असे ते मांडतात. त्यामुळे डोळे मिटून बसणारा आणि वस्तीत काम करणारा यांना परस्परविरोधी मानण्याचे कारण उरत नाही. साधनेनंतर आपले वर्तन बदलले का, ही कसोटी दोघांनाही लागू पडते.

समारोप

'कोणते ध्यान खरे?' हा प्रश्न तीन प्रश्नांत विभागून पाहावा : साधकाचा स्वभाव कोणता, त्याने निवडलेला विषय कोणता, आणि त्याला काय साधायचे आहे? आरोग्यासाठी ध्यान करणाऱ्याने त्यालाच निर्वाण समजू नये, आणि निर्वाणाची आस धरणाऱ्याने इतरांस तुच्छ लेखू नये. महाचुंदांचा उपदेश आजही तितकाच लागू आहे.

आपली प्रगती तपासा

१. शमथ व विपश्यना यांतील फरक स्पष्ट करा.
२. स्वभावानुसार कर्मस्थान निवडण्यामागील विचार सोदाहरण सांगा.
३. आपल्या परिचयातील दोन व्यक्तींच्या साधनेची उद्दिष्टे विचारून घ्या व त्यांतील साम्यभेद दहा ओळींत लिहा.