उघडलं म्हणजे वाचलं?

ईमेल वार्तापत्रात पैसे मोजून जाहिरात देणाऱ्या छोट्या दुकानदाराला आधी ‘ओपन रेट’ दाखवला जातो. तो मोजतं कोण? पत्रात दडवलेलं, टिकलीहूनही बारीक असं एक अदृश्य चित्र. ते लोड झालं की पत्र ‘उघडलं’. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आयओएस १५ सोबत मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय दिली. ती सुरू असेल तर ॲपलचे सर्व्हरच ही चित्रं आधी उतरवून घेतात, मग वाचक घोरत का पडलेला असेना! आकडा फुगतो, गल्ला तसाच. क्लिकचंही फार खरं नाही. कंपन्यांची सुरक्षा-सॉफ्टवेअर लिंक परस्पर उघडून तपासतात. त्यापेक्षा जाहिरातीला वेगळा कूपन-कोड द्या आणि तो किती बिलांवर आला, तेवढंच मोजा.