खेळ चालवणाऱ्याचा खिसा रिकामाच हवा

सोसायटीच्या गणेशोत्सवात हाउजी खेळलेल्या माणसाला बिंगो वेगळा शिकवावा लागत नाही. आपल्या तिकिटावर तीन ओळींत १५ आकडे असतात आणि पुकारा ९० पर्यंत चालतो. अमेरिकी कार्डावर २५ घरे, त्यातले मधले फुकटचे, आणि पुकारा ७५ पर्यंत. दोन्हीकडे कौशल्याला काडीचाही वाव नाही, म्हणून पैसे लावले की तो जुगारच. हे मान्य करूनही अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी चर्च, माजी सैनिकांच्या संघटना, स्वयंसेवी अग्निशमन दले यांना निधीसाठी बिंगो खुला केला आणि परवानगीचा निर्णय गावाच्या हाती ठेवला. ही व्यवस्था मला योग्य वाटते, पण एका अटीवर: खेळ चालवून कुणाचेही पोट भरता कामा नये.

न्यूयॉर्कने १९५७ साली राज्याच्या घटनेत दुरुस्ती केली. ज्या शहरातले किंवा गावातले बहुसंख्य मतदार कौल देतील, तिथेच बिंगो चालेल असे ठरले. बक्षिसाची कमाल रक्कम, सगळी निव्वळ मिळकत समाजकार्याला देण्याची सक्ती आणि चालवणाऱ्यांना मोबदला न देण्याची अट थेट घटनेत लिहिली गेली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९७६ साली शहरांना आणि कौंट्यांना असाच अधिकार दिला. तिथे खेळ संस्थेच्या सभासदांनीच चालवायचा, खेळणारा प्रत्यक्ष हजर हवा, अल्पवयीनांना मज्जाव, आणि एका डावाचे बक्षीस आज ५०० डॉलरच्या आत. सुरक्षारक्षकांचा अपवाद सोडला तर खेळातून पगार किंवा नफा देणे-घेणे हा गुन्हा असून दंड १०,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो.

ही पगाराची अट साऱ्या व्यवस्थेचा कणा आहे. जुगार फोफावतो तो खेळणाऱ्याच्या हौसेपेक्षा चालवणाऱ्याच्या हव्यासाने. ज्याला दर कार्डामागे काही सुटते, तो डाव वाढवतो, बक्षीस फुगवतो, आठवड्याचा खेळ रोजचा करतो. खुर्च्या मांडणारा, कार्डे विकणारा, आकडे पुकारणारा आणि शेवटी रोकड मोजणारा संस्थेचा बिनपगारी सभासद असला, की ही ओढच उरत नाही. शिवाय परवाना गावाचा असल्याने जमलेल्या पैशातून अग्निशमन दलाचा बंब आला की नाही, हे गावाला डोळ्यांनी दिसते.

यावर पहिला आक्षेप असा, की गरिबाचा पैसा जुगारात घालवून धर्मकार्य कसले? सरळ देणगी केव्हाही चांगली, यात वाद नाही. पण १९३० च्या दशकातल्या मंदीत, कायदा काहीही म्हणो, चर्चच्या सभागृहांत बिंगो सर्रास चालत होता. चोरून चालणाऱ्या खेळाचा हिशेब कुणी मागू शकत नाही. परवान्याच्या खेळाचा मागता येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज बिंगो, उद्या कॅसिनो. त्यासाठी दाखला दिला जातो तो कॅलिफोर्नियातल्या कॅबेझॉन आणि मोरोंगो या आदिवासी समाजांच्या खटल्याचा. राज्य बिंगोवर पूर्ण बंदी घालत नाही, केवळ नियमन करते. म्हणून ते नियम आदिवासी भूमीवर लादता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. पुढच्याच वर्षी केंद्रीय कायदा आला आणि आदिवासी कॅसिनोंचा मार्ग मोकळा झाला. पण त्या समाजांना स्वतःच्या भूमीवर स्वायत्तता होती आणि कारभार चालवण्यासाठी उत्पन्नाची निकड होती. राज्याची त्यांच्याविरुद्धची तक्रारही बघण्याजोगी आहे: बक्षिसे मर्यादेपेक्षा मोठी आणि खेळ चालवणारे पगारी. म्हणजे खेळाचे रूप पालटले ते याच दोन अटी जिथे लागू नव्हत्या तिथे. धर्मादाय बिंगोच्या सभागृहांचे कॅसिनो झाले नाहीत.

महाराष्ट्रात जुगारबंदीचा मूळ कायदा १८८७ चा आहे. १९५७ सालीच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याच्या चमारबागवाला खटल्यात जुगाराला व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण नाकारले. जुगार हा राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे नगरपालिकेला असा परवाना द्यायचा झाला तर आधी विधिमंडळाला कायदा करावा लागेल. तशी चर्चा कधी निघालीच, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची न्यासांची नोंदणी आणि हिशेबतपासणी आपल्याकडे आधीपासूनच आहे. त्यात भर घालावी लागेल ती एका कलमाची: पुकारणाऱ्याला, विकणाऱ्याला, मोजणाऱ्याला एक रुपयाही मिळणार नाही. हे कलम गाळून येणाऱ्या मसुद्याला, त्यावर धर्मादाय असे कितीही ठळक लिहिलेले असो, ठाम नकार द्यावा.