मोजमापाची गोष्ट – ९ : बोटावरच्या आकड्यातली माणसे

एप्रिल २०२१. कराडहून मामीचा फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मामा सहा दिवस तापाने अंथरुणावर होते. घरात एक ऑक्सिमीटर होता, काळजीपोटी शेजाऱ्यांनी त्यांचाही आणून दिला होता. "अगं, एक यंत्र ब्याण्णव म्हणतंय आणि दुसरं शहाण्णव. खरं कोणतं धरू?"

कमी दाखवतंय ते धर आणि लगेच डॉक्टरांना फोन लाव, असे मी सांगितले. मामा पुढे बरे झाले. पण मामीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी त्या रात्री दिलेच नव्हते, फक्त धोका टळेल असा सल्ला दिला होता. या आठवड्यात ते उत्तर द्यायचे आहे.

करोनाच्या त्या काळात हे यंत्र महाराष्ट्रात घराघरांत पोचले. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथके दारोदार फिरली, ताप आणि ऑक्सिजन तपासून नोंदी करत राहिली. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही ९४ च्या खाली म्हणजे दवाखाना, हे पाठ झाले. इतका विश्वास आपण ज्या आकड्यावर टाकला, तो येतो कुठून?

आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलेले आहे, ते हा आकडा सांगतो. खात्रीने जाणून घ्यायचे तर मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासावे लागते. ते दुखते आणि त्यातून फक्त त्या एका क्षणाची स्थिती कळते. बोटाचा चिमटा सुई न टोचता क्षणाक्षणाला आकडा देतो, कारण तो रक्ताला हातच लावत नाही. तो रक्ताचा रंग पाहतो. भरलेले रक्त लालभडक असते, रिकामे झालेले काळपट. चिमट्यात दोन दिवे असतात : एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, ९४० नॅनोमीटरचा. रिकामे हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त गिळते, भरलेले हिमोग्लोबिन अवरक्त जास्त गिळते. पलीकडे किती प्रकाश पोचला हे मोजले की प्रमाण काढता येईल, अशी कल्पना.

अडचण अशी की बोटात नुसते रक्त नसते. कातडी, चरबी, हाड, नख, नीलेतले परतीचे रक्त, सगळेच प्रकाश गिळते आणि प्रत्येकाच्या बोटात वेगवेगळे गिळते. यातून धमनीतले रक्त निवडायचे कसे? याचे उत्तर एका जपानी अभियंत्याने शोधले. ताकुओ आओयागी १९७२ मध्ये टोकियोच्या निहोन कोहदेन कंपनीत काम करत होते आणि ऑक्सिजन हा त्यांचा विषय नव्हता. हृदय मिनिटाला किती रक्त फेकते ते त्यांना मोजायचे होते. त्यासाठी रक्तात रंग सोडायचा आणि तो कसा फिका होत जातो ते कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून पाहायचे. पण नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर आलेख थरथरे आणि फिका होत जाणारा रंग नीट वाचता येत नसे. ही थरथर घालवायला त्यांनी दोन रंगांचे प्रकाश घेतले आणि एकाची थरथर दुसऱ्यातून वजा केली. आलेख गुळगुळीत झाला. मात्र श्वास रोखून धरला, रक्तातला ऑक्सिजन उतरला, की वजाबाकी बिघडे आणि थरथर परत येई.

दुसरा कुणी यंत्राला दोष देऊन मोकळा झाला असता. आओयागींनी ओळखले की ज्याला आपण अडथळा समजून पुसत होतो, त्यातच ऑक्सिजनची बातमी आहे. शिवाय ठोक्यासरशी फुगते ते फक्त धमनीतले रक्त. हाड फुगत नाही, कातडी फुगत नाही. तेव्हा स्थिर प्रकाश बाजूला ठेवून थरथरणारा तेवढा वाचला की बोटातल्या बाकी सगळ्या गोष्टी आपोआप वगळल्या जातात. बोटातून येणाऱ्या एकूण प्रकाशात ही थरथर शेकड्याला एक-दोन इतकीच असते. तेवढ्यावर हे सारे यंत्र उभे आहे. १९७४ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली, पुढच्याच वर्षी कानाला लावायचे यंत्र आले. ऐंशीच्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी ते शस्त्रक्रियागृहांत पोचवले. भूल देणाऱ्या डॉक्टरांना रुग्णाचे ओठ निळे पडायची वाट पाहावी लागेनाशी झाली. १८ एप्रिल २०२० रोजी, सारे जग ऑक्सिमीटर शोधत फिरत असताना, आओयागी ८४ व्या वर्षी गेले. या माणसाचे नाव आपल्या शाळांतल्या मुलांना ठाऊक असायला हवे.

येथवर भौतिकशास्त्र स्वच्छ आहे. यंत्र दोन्ही रंगांच्या थरथरीचे गुणोत्तर काढते. पण गुणोत्तरावरून टक्केवारी काढताना पुस्तकातले सूत्र कामाला येत नाही. ते सूत्र धरून चालते की प्रकाश सरळ रेषेत जातो. मांसात तो सरळ जात नाही, कणाकणावर आपटत, वळत, भरकटत जातो. म्हणून यंत्र बनवणारे दुसरा मार्ग धरतात. धडधाकट तरुण स्वयंसेवक बोलावतात, त्यांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, मनगटाच्या धमनीत नळी घालून पायरीपायरीने रक्त तपासतात आणि त्याच क्षणी बोटावरचे गुणोत्तर लिहून ठेवतात. अमुक गुणोत्तर म्हणजे तमुक टक्के, असा तक्ता तयार होतो. पाठ्यपुस्तकात त्याचे ढोबळ रूप दिलेले असते : ११० मधून गुणोत्तराची २५ पट वजा करा. गुणोत्तर ०.५ आले तर साडेसत्त्याण्णव, १ आले तर ८५. असाच तक्ता चिमट्यातल्या चिपमध्ये कोरलेला असतो.

म्हणजे मामांच्या बोटावर उमटलेला आकडा हा अंदाज होता. दूरच्या कुठल्या तरी प्रयोगशाळेत काही तरुणांनी श्वास घेतला, त्यांच्या रक्ताशी मामांच्या प्रकाशाची तुलना होऊन तो आला. मोजमाप आणि प्रतिमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण समजतो. आधी मोजायचे, मग त्यावरून जगाचे गणित मांडायचे. गुंतागुंतीच्या व्यवस्थेत असा क्रम राहत नाही. प्रतिमान मोजपट्टीच्या आतच बसलेले असते आणि त्याच्यामागे काही ठरावीक माणसे असतात.

प्रतिमान जे गृहीत धरते त्याबाहेरचे काही आले की यंत्र ठामपणे चुकते. चिमट्याला दोनच प्रकारचे हिमोग्लोबिन ठाऊक आहे, भरलेले आणि रिकामे. बंद खोलीत शेगडी धुमसत राहिली आणि माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनला, तर तसले हिमोग्लोबिन यंत्राला भरलेले वाटते. माणूस गुदमरत असतो आणि पडद्यावर ९८ झळकत असते. काही औषधांनी आणि विषांनी हिमोग्लोबिनचे असे रूप होते की ते दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच गिळते. मग गुणोत्तर १ कडे ओढले जाते आणि रुग्णाची अवस्था बिघडत गेली तरी आकडा ८५ च्या आसपास अडकून राहतो. ७० च्या खाली तर तक्ता नाहीच, कारण कुणाही स्वयंसेवकाला त्याहून खाली उतरवणे योग्य नाही. तिथून पुढची रेघ अंदाजाने लांबवलेली असते.

आता त्वचेच्या रंगाकडे येते, या लेखाचे निमित्त तेच आहे. आओयागींच्या युक्तीप्रमाणे कातडी स्थिर, म्हणून ती वगळली जाते. कागदावर हे बरोबर आहे. प्रत्यक्षात चिमट्यातला लाल दिवा एकाच तरंगलांबीचा नसतो, त्याच्या प्रकाशाला थोडी रुंदी असते. त्वचेतले मेलॅनिन त्या रुंदीच्या एका कडेचा प्रकाश दुसरीपेक्षा जास्त अडवते. परिणामी गडद त्वचेखाली पोचणारा लाल प्रकाश किंचित वेगळा असतो आणि बहुतांशी गोऱ्या बोटांवरून काढलेला तक्ता त्याला तंतोतंत लागू पडत नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये एमआयटीतल्या मानवशास्त्रज्ञ एमी मोरन-थॉमस यांनी नवऱ्याच्या आजारपणात घरी आणलेल्या ऑक्सिमीटरकडे पाहून हाच प्रश्न एका लेखात विचारला. तो वाचून मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी रुग्णालयातल्या जुन्या नोंदी उघडल्या. एकाच रुग्णाचा बोटावरचा आकडा आणि धमनीच्या रक्ताचा अहवाल दहा मिनिटांच्या आत घेतलेला असेल, अशा दहा हजारांहून अधिक जोड्या त्यांना मिळाल्या. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ पेक्षा कमी, असे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडले होते, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने ते छापले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत हाच दोष १९९० मध्ये नोंदला गेला होता, २००५ मध्ये प्रयोगशाळेत पुन्हा दिसला होता. म्हणजे तीस वर्षे तो माहीत होता आणि तीस वर्षे यंत्रे तशीच विकली गेली. याला मी दुर्लक्षच म्हणेन.

नियम मोडले होते का? मोडले नव्हते, म्हणून हे अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची २०१३ ची अपेक्षा होती की चाचणीत किमान दहा माणसे असावीत आणि त्यांत दोन किंवा पंधरा टक्के, जे जास्त असेल तेवढे, गडद त्वचेचे असावेत. मग सर्वांच्या चुका एकत्र करून एक सरासरी काढायची. ती तीनच्या आत आली की यंत्र उत्तीर्ण. दहांतल्या दोघांची मोठी चूक बाकी आठ जणांच्या लहान चुकांत बुडून जाते. चूक किती, ते सरासरी सांगते. कुणाची, ते सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात दीडशे किंवा अधिक माणसे घ्यायला आणि त्वचेच्या छटा ठरावीक पट्टीवर मोजून तपासायला सांगितले आहे.

अमेरिकेतली ही टक्केवारी उचलून आपल्याला लावू नये. आपल्या एका गावातच गव्हाळपासून गर्द सावळ्यापर्यंत सगळ्या छटा भेटतात आणि तिथल्या वर्णगटांशी त्या जुळत नाहीत.

दोन-चार टक्क्यांनी एवढे काय बिघडते, असे वाटेल. हिमोग्लोबिनचा स्वभाव पाहा. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० पर्यंत उतरला, म्हणजे चाळीस टक्क्यांनी घटला, तरी टक्केवारी साडेसत्त्याण्णववरून फक्त नव्वदपर्यंत येते. तिथून पुढे उतार तीव्र होतो. मामांच्या बोटावरचे ९६ आणि ९२ पठाराच्या दोन जागा आहेत. त्यातली एक जागा कड्याच्या बरीच जवळ आहे.

एकीकडे काढलेला तक्ता दुसरीकडे लावण्याची हीच गोष्ट आपल्या आभाळातही घडते, म्हणून थोडे विषयांतर करते. हवामान खात्याचे रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परतलेला प्रतिध्वनी मोजते. त्यावरून तासाला किती मिलिमीटर, हे काढायला जगभर वापरले गेलेले सूत्र कॅनडातल्या मार्शल आणि पामर यांच्या १९४८ च्या कामातून आले. त्यांच्या थेंबांच्या नोंदी ओटावाच्या उन्हाळी पावसातल्या होत्या. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्यातले पाणी आठपट होते, पण प्रतिध्वनी चौसष्टपट. दोन मिलिमीटरचा एक थेंब आणि एक मिलिमीटरचे चौसष्ट थेंब रडारला सारखेच दिसतात, पाणी मात्र चौसष्ट थेंबांत आठपट जास्त असते. आता सह्याद्रीचा पाऊस आठवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा आहे. तिथे थेंब मोजणाऱ्या यंत्रांनी दाखवले की घाटावरच्या मोसमी पावसात बारीक थेंबांचा भरणा मोठा असतो. ओटावाच्या थेंबांचे सूत्र घाटाला जसेच्या तसे लावले तर खरा पाऊस कमी दिसेल. म्हणूनच आपल्या मातीत थेंब मोजत बसणारी प्रयोगशाळा लागते आणि गावोगावचे साधे पर्जन्यमापकही लागतात.

आता मामीचे उत्तर. चुकीची सरासरी तीनच्या आत म्हणजे प्रत्येक आकडा तीनच्या आत, असे नव्हे; साधारण तीनांतले दोन आकडे तेवढ्या अंतरात पडतात. मामांच्या रक्तात त्या रात्री ९४ असते, तर ९२ दाखवणारे यंत्रही त्या अंतरात बसले असते आणि ९६ दाखवणारेही. मामी, दोन्ही यंत्रे आपापल्या परीने बरोबर असू शकत होती.

ऑक्सिमीटर फेकून देऊ नका, त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. नखाचा रंग पुसा, गार बोटे चोळून ऊबदार करा, आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा. तब्येत ठणठणीत असताना आपला नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवा. आजारपणात एकट्या आकड्यापेक्षा त्याच यंत्रावर तो किती घसरला हे जास्त सांगून जाते. आणि माणसाला दम लागत असेल तर पडद्यावर काहीही दिसो, डॉक्टरांना गाठा.

या लेखमालेच्या वाचकांत डॉक्टर आणि परिचारिका बऱ्याच आहेत, त्यांच्या पत्रांवरून कळते. त्यांच्याकडे एक मागणे आहे. अतिदक्षता विभागातल्या फाइलमध्ये धमनीच्या रक्ताचा अहवाल असतो आणि मॉनिटरवरचा आकडाही असतो. दोन्हींपुढे वेळ मिनिटासकट लिहा, यंत्र कोणते ते लिहा, त्वचेची छटा लिहा. आपल्या माणसांच्या नोंदींचा तक्ता आपल्या रुग्णालयांतूनच तयार होऊ शकतो आणि त्यासाठी लागणारे रक्त आधीच काढलेले आहे.