रोजची वीस मिनिटे

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेचे दुसरे सत्र सुरू होते. मराठीचा निबंध, उर्दूचा मजमून, विज्ञानाची प्रयोगवही, इतिहासाचा प्रकल्प असे लेखन हळूहळू साचत जाते. 'अजून पुष्कळ दिवस आहेत,' असे आपण म्हणतो. पाहता पाहता वही देण्याचा दिवस येऊन ठेपतो. मग रात्र जागून पाने भरायची!

मीही एकदा असेच केले होते. बी.एड.ला असताना प्रत्येक सराव पाठाआधी टाचण लिहावे लागे. मी तीन पाठांची टाचणे एकाच रात्री लिहिली. सकाळी वर्गात उभा राहिलो, तेव्हा एका पाठाचे प्रश्न दुसऱ्याच पाठाच्या टाचणात सापडले. मुले हसली. मी कष्ट कमी केले नव्हते. चूक नियोजनाची होती.

गेल्या वर्षी नववीतील एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "सर, घरी लिहायला वेळच मिळत नाही." एका खोलीचे घर, दोन लहान भाऊ आणि संध्याकाळी अम्मीला कामात मदत. तिचे म्हणणे खरे होते. मी विचारले, "तुमच्या घरात सर्वांत शांतता केव्हा असते?" थोडा विचार करून ती म्हणाली, "फजरच्या नमाजनंतर. भाऊ झोपलेले असतात. नळाला पाणी यायला अर्धा तास असतो."

"मग त्यातली वीस मिनिटे लेखनाला दे," मी म्हणालो.

वीस मिनिटांत काय होणार, असे तुम्हांला वाटेल. हिशेब करून पाहा. आठवड्यातून ५ दिवस २० मिनिटे म्हणजे १०० मिनिटे. १६ आठवड्यांत १६०० मिनिटे, म्हणजे २६ तास ४० मिनिटे होतात. एवढा वेळ एका रात्रीत कोठून आणणार?

अँथनी ट्रोलॉप हे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार. ते टपाल खात्यात नोकरी करत. पहाटे साडेपाचला ते लिहायला बसत. समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत आणि मग कामावर जात. त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. लेखन सुरू करण्यापूर्वी ते आदल्या दिवशीचे लेखन वाचून पाहत. ही सवय आपणही घेण्यासारखी आहे.

एका निबंधाचे काम आठवड्यात असे वाटून घ्यावे. सोमवारी फक्त मुद्दे लिहावेत. मंगळवारी व बुधवारी कच्चे लेखन करावे. तेव्हा चुकांची काळजी करू नये. गुरुवारी ते मोठ्याने वाचून दुरुस्त करावे. शनिवारी पक्की प्रत लिहावी. शुक्रवार आणि रविवार राखीव ठेवावेत.

गुरुवारचे काम आपल्यासाठी फार महत्त्वाचे आहे. उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन. उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी आहे, म्हणून घाईत आपण 'माझी पुस्तक' लिहून जातो. खरे तर 'माझे पुस्तक' असे हवे. उर्दूत 'ळ' आणि 'ण' हे उच्चार नाहीत, म्हणून 'शाळा'चे 'शाला' आणि 'पाणी'चे 'पानी' होते. लिहिताना या चुका दिसत नाहीत. एक रात्र मध्ये गेली की त्या आपोआप डोळ्यांत भरतात.

वेळापत्रक आखताना वर्षाकडेही पाहावे. रमजान महिना दरवर्षी सुमारे १०-११ दिवस अलीकडे येतो. म्हणून मागच्या वर्षीचे वेळापत्रक यंदा जसेच्या तसे चालत नाही. रोजे, ईद, घटक चाचणी, घरातील लग्नकार्य यांच्या तारखा कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवाव्यात. त्या दिवसांत थोडेच लिहावे. मोठे काम त्याआधी उरकावे.

एखादा दिवस चुकला तर? घरी पाहुणे येतात, कधी ताप येतो, कधी वीज जाते. अशा वेळी 'आता नियम मोडलाच,' असे म्हणून वही मिटू नका. राहिलेले काम राखीव दिवशी करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरलेल्या वेळी बसा.

त्या विद्यार्थिनीची वही सत्राच्या शेवटी वेळेवर आली. तिचा निबंध वर्गात पहिला नव्हता. पण कच्च्या वहीत 'माझी पुस्तक' खोडून तिने स्वतःच 'माझे पुस्तक' केले होते. मी त्या शब्दांकडे पाहिले, तेव्हा ती हसून म्हणाली, "सर, ते मला गुरुवारी दिसले."

स्वाध्याय
१. लेखकाची सराव पाठाच्या वेळी कोणती फजिती झाली?
२. विद्यार्थिनीने लेखनासाठी पहाटेची वेळ का निवडली?
३. कच्चे लेखन आणि पक्की प्रत यांत एक दिवस मध्ये का असावा?
४. तुमच्या घरातील शांत वेळ कोणती? त्यानुसार एका आठवड्याचे लेखनाचे वेळापत्रक तयार करा.