थर्मामीटर थंड, नमुना गरम

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात, हे तुम्ही एमएस्सीला शिकलाच असाल. पण जोडीतल्या दोघांचे स्पिन उलट आहेत (सिंगलेट) की एकाच दिशेला (ट्रिपलेट), हे कळणार कसं?

एक मार्ग एनएमआरचा. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनचे स्पिन किंचित कलतात आणि त्यामुळे शेजारच्या अणुकेंद्रकाची वारंवारिता जराशी सरकते. हीच नाइट शिफ्ट. सिंगलेट जोडीत स्पिन एकमेकांना खोडून काढतात, म्हणून नमुना अतिसंवाहक झाला की शिफ्ट घसरायला हवी. ट्रिपलेटमध्ये, क्षेत्राची दिशा योग्य असेल तर, ती तशीच राहते.

स्ट्रॉन्शियम रुथेनेट शुद्ध असेल तर साधारण १.५ केल्विनखाली अतिसंवाहक होतं. १९९८ मध्ये जपानमधल्या इशिदा आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ऑक्सिजन-१७ वर नाइट शिफ्ट मोजली. (नेहमीच्या ऑक्सिजन-१६ च्या केंद्रकाला स्पिनच नसतो, म्हणून हा समस्थानिक मुद्दाम घालावा लागतो.) शिफ्ट हललीच नाही. झालं, ट्रिपलेट! पुढची वीस वर्षं ट्रिपलेट म्हटलं की हेच उदाहरण पुढे यायचं.

२०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पुस्टोगोव आणि सहकाऱ्यांनी तीच मोजणी केली, तर शिफ्ट चक्क घसरली. फरक होता पल्सचा. एनएमआरमध्ये आपण रेडिओलहरींचा पल्स मारतो आणि लगेच सिग्नल वाचतो. पल्समुळे धातूत प्रवाह उठतात, नमुना तापतो. इथे तर सगळा खेळच दीड केल्विनचा! सिग्नल वाचायच्या क्षणी नमुना अतिसंवाहक उरलेलाच नसायचा. थर्मामीटरला मात्र या क्षणिक गरमीचा पत्ताच नाही. पल्सची ऊर्जा कमी केली, तशी घसरण दिसू लागली.

म्हणून 'काहीच बदललं नाही' असा निकाल आला की मी आता आधी घाबरते. पल्सची ऊर्जा निम्मी करून आकडा तोच येतो का, हे बघायला एक दुपार जाते. पूर्वी मी त्याचा कंटाळा करायचे.

इशिदांच्या गटाबद्दल मला आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. त्यांनी कमी ऊर्जेचे पल्स वापरून पुन्हा मोजलं आणि शिफ्ट घसरते असं स्वतःच छापलं.

मग साधं सिंगलेट म्हणायचं का? तेही जमत नाही. म्युऑनच्या प्रयोगात काल-उत्क्रमण सममिती मोडल्याच्या खुणा १९९८ मध्येच दिसल्या होत्या, आणि त्या नुसत्या साध्या सिंगलेटमध्ये बसत नाहीत. या पदार्थातली जोडी नेमकी कशी आहे, यावर अजून भांडण चालू आहे.