अंधार तेवढा राहू द्या

लग्नाच्या फोटोग्राफरला पैसे मिळतात ते अंधार घालवण्याचे. वरात कितीही काळोखातून जात असो, नवरदेवाच्या तोंडावर उजेड हवा, करवलीच्या साडीचा काठ दिसायला हवा, मागे उभ्या राहिलेल्या मावसाजींचा चेहरा ओळखू यायला हवा. नाही तर अल्बम परत येतो. गारखेड्यात सूतगिरणी चौकापासून हाकेच्या अंतरावर माझा स्टुडिओ आहे आणि आयुष्यभर मी हेच करत आलो: दिसला अंधार की मार फ्लॅश. त्याचाच कंटाळा असेल कदाचित, पण लग्नसराई सरली की ट्रायपॉड खांद्यावर टाकून मी रात्रीचा बाहेर पडतो तेव्हा फ्लॅश घरी ठेवतो.

स्टुडिओत येणारी पोरं म्हणतात, "काका, त्यात काय एवढं? फोनमध्ये नाइट मोड आहे की." आहे ना. गूगलने २०१८ साली पिक्सेल फोनमध्ये ‘नाइट साइट’ आणलं, पाठोपाठ सगळ्याच कंपन्यांनी आपापलं काढलं. बटण एकदाच दाबलं तरी फोन भराभर बरेच फोटो घेतो, हात हलल्यामुळे सरकलेली चित्रं एकमेकांवर नीट बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. काळोखातल्या फोटोत जो दाणेदार कचरा येतो तो दर फोटोत वेगळ्या जागी पडतो, म्हणून सरासरीत विरून जातो. समोरचं दृश्य मात्र दरवेळी जागच्या जागी असतं, ते उमटत जातं. युक्ती झकास आहे. मला खटकते ती तिची हौस. रात्री अकराची गल्ली ती संध्याकाळी सहाची करून दाखवते. आभाळ राखाडी, भिंतीवरची जाहिरात वाचता येते, कोपऱ्यात झोपलेलं कुत्रंही स्वच्छ दिसतं. थोडक्यात, फोनसुद्धा लग्नाचा फोटोग्राफरच निघाला.

रात्रीच्या फोटोत किती दाखवायचं यापेक्षा किती झाकलेलं राहू द्यायचं, हे ठरवण्यात खरी गंमत आहे. दिवसा समोर जे असेल ते सगळं चौकटीत घुसतं: तारा, फ्लेक्स, कचराकुंडी, अर्धं बांधकाम. रात्री दिवा जेवढं निवडून देतो तेवढंच. बाकीचं काळं. आमच्या गल्लीतला दूधवाला दिवसा कुणाच्या लक्षातही येत नाही. पहाटे पाचला त्याच्या दुकानातला एक बल्ब, कॅनच्या गळ्यावर पडलेली चमक आणि मापाचा हात, एवढ्यावर अख्खा फोटो उभा राहतो.

सुरुवात करणाऱ्याला मी आधी गच्चीवर पाठवतो. तेही रात्र पडायच्या आत. सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा वेळ आपल्याकडे जेमतेम बावीस ते पंचवीस मिनिटांचा असतो. आपलं शहर विषुववृत्तापासून वीस अंशांवर, त्यामुळे सूर्य तिरपा रेंगाळत नाही, उभाच खाली उतरतो. युरोपातल्या फोटोग्राफरांना ही वेळ ऐसपैस मिळते, आपल्याला धावपळ. त्यातल्या शेवटच्या दहाएक मिनिटांत आभाळाचा निळा उजेड आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड कॅमेऱ्याला जवळजवळ सारखे वाटतात. दक्षिणेला बीड बायपासच्या पलीकडे साताऱ्याच्या डोंगराची कड अजून दिसत असते आणि अलीकडे घराघरांतून दिवे लागलेले असतात. यानंतर आभाळ काळं ठिक्कर पडतं आणि डोंगर गेलाच. रात्रीचे म्हणून जे सुंदर फोटो छापून येतात त्यातले कितीतरी या निळ्या वेळेतले असतात.

आमच्या रस्त्यांवर आधी सोडियमचे दिवे होते. रोलच्या काळात त्या उजेडात फोटो काढला की सगळं नारिंगी यायचं. नुसतं नारिंगी नाही. लाल साडी आणि हिरवी साडी दोन्ही तपकिरी. सोडियमचा प्रकाश बहुतेक पिवळ्या-नारिंगी पट्ट्यातच असतो, आणि जो रंग दिव्यातच नाही तो साडीने परत कुठून द्यायचा? मग एलईडी आले आणि रस्त्याकडेचा कडुलिंब रात्रीही हिरवा दिसायला लागला. जुने लोक सोडियमच्या आठवणी काढून हळहळतात. मला तितकंसं वाईट वाटत नाही. रस्ता आता थंड पांढरा असतो आणि पानटपरीतला, इस्त्रीवाल्याकडचा बल्ब अजून पिवळा. ते दोन उजेड फुटपाथवर जिथे भेटतात तिथे उभं राहिलं की रंग शोधत फिरावं लागत नाही. एवढंच सांभाळायचं की कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवायचं नाही. तो शहाणपणा करून पिवळ्याचा पिवळेपणा काढून टाकतो.

आता वेळेबद्दल. दिवसा फोटो सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागात उरकतो. रात्री शटर दहा, वीस, तीस सेकंद उघडं राहतं, आणि तेवढ्या वेळात समोर जे जे घडेल ते एकाच फोटोत साठतं. डोळ्याला हे कधीच दिसत नाही. १८३८ साली दागेर या छायाचित्रकाराने पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचा फोटो घेतला होता. दिवसाउजेडी, वाहत्या रस्त्याचा. त्या काळच्या प्लेटला मिनिटंच्या मिनिटं लागायची, त्यामुळे चालती माणसं, घोडागाड्या सगळं पुसलं गेलं. उरला एक गृहस्थ, कारण तो बुटांना पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा होता. माणूस उमटलेल्या अगदी सुरुवातीच्या फोटोंमध्ये त्याची गणना होते.

हा प्रयोग मी गुरुवारी रात्री गजानन महाराज मंदिराच्या चौकात करतो. रस्ता तुडुंब. ॲपर्चर ११ वर बारीक केलेलं, आयएसओ १००, शटर वीस सेकंद. येणारे-जाणारे धुरासारखे होतात किंवा नाहीसेच होतात. गाडीवरूनच नमस्कार करून निघणारे तर कुठेच नसतात. हात जोडून घटकाभर थांबलेले तेवढे उमटतात, आणि बाहेर बसलेली फुलवाली तर अगदी ठसठशीत, कारण ती कुठे जातच नाही. ॲपर्चर बारीक केल्याचा आणखी एक फायदा: दिव्यांना टोकं फुटतात. लेन्सच्या आत पात्या असतात, त्यांच्या कडांवर प्रकाश वाकतो म्हणून हे होतं. पात्या सहा असतील तर सहा किरणं, आठ असतील तर आठ. पण विषम असल्या, समजा सात, तर दुप्पट, म्हणजे चौदा. फोटोतली टोकं मोजून लेन्सबद्दल बोलता येतं. आम्हा फोटोग्राफरांचे हे टाइमपास.

वेळ मोजायला आता कॅमेऱ्यातच घड्याळ असतं. रोलच्या दिवसांत शटर ‘बी’वर ठेवून केबल दाबून धरायची आणि मनात आकडे मोजायचे. पॅरिसच्या रात्रींचं पुस्तक १९३३ च्या सुमारास काढणारा ब्रासाय सिगारेटवर वेळ मोजायचा. अंधार जास्त असला तर जाड सिगारेट. मी सिगारेट ओढत नाही. माझं माप भीमरूपी. माझ्या गतीने पहिले चार श्लोक म्हणजे साधारण अर्धं मिनिट. फिल्मला शिवाय थकवा यायचा: शटर जितकं जास्त वेळ उघडं, तितका तिचा प्रतिसाद मंद होत जायचा, मग हिशेबाने तीस सेकंद आले की द्यायचे साठ. म्हणजे आठ श्लोक. शिवाजीनगरला भुयारी मार्ग व्हायच्या आधी रेल्वे फाटकावर अडकलेल्या गर्दीत उभं राहून मी अशी पुष्कळ भीमरूपी म्हटली आहे. रात्रीची एक्स्प्रेस गेली की डब्यांच्या खिडक्यांचा सलग पिवळा पट्टा उमटायचा, आणि त्याच्या खाली फाटकाशी खोळंबलेल्या दुचाकीवाल्यांची डोकी. फाटकावर सगळे वैतागलेले असायचे, मी सोडून.

वाहनांच्या दिव्यांच्या रेघा तर आता सगळेच काढतात. पण नीट पाहा. जालना रोडवर, सेव्हन हिल्सच्या उड्डाणपुलाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत काही लाल रेघा सलग असतात आणि काही तुटक. जुन्या बल्बची तार तापलेली असते, ती क्षणात विझत नाही, म्हणून सलग रेघ. कित्येक नव्या गाड्यांत मागचा एलईडी मंद ठेवायचा तर तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केला जातो. डोळा फसतो, पण गाडी धावत असते, त्यामुळे प्रत्येक लुकलुक वेगळ्या जागी पडते आणि फोटोत ठिपके उमटतात.

नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला मी दरवर्षी जातो. देवीचं दर्शन, मग रेवड्या, मग आकाशपाळणा; बसायला नाही, टिपायला. पाळण्याच्या फोटोत थोडं गणित लागतं. बारा आरे आहेत आणि एक फेरा बारा सेकंदांत पुरा होतो असं धरा. एका सेकंदात प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी पोचतो, म्हणजे सेकंदभराच्या शटरमध्ये पूर्ण चक्र भरतं. दोन सेकंद दिले तर तेच पुन्हा गिरवलं जातं, वाढतं काही नाही, नुसतं पांढरं फटक होतं. मला पाव सेकंद आवडतो. आऱ्यांचे तुकडे दिसतात, मधे काळ्या फटी राहतात, आणि पाळणा फिरतोय हे कळतं. पूर्ण भरलेलं चक्र थांबल्यासारखं दिसतं.

मग मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरासबानू हिच्यासाठी तिच्या मुलाने, आझमशाहाने, सतराव्या शतकात बांधवलेला. संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला. मधल्या अंगाला बरंचसं चुन्याच्या गिलाव्याचं काम आहे. दिवसा उन्हात हा फरक डोळ्यात भरत नाही. निळ्या वेळेत भरतो: घुमट आभाळाचा निळा घेतो आणि खालचा गिलावा मळकट राहतो. आत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही, तेव्हा कठड्यावर रुमालाची घडी, तिच्यावर कॅमेरा आणि दोन सेकंदांचा टायमर. पौर्णिमेला मात्र मी हनुमान टेकडीवरून लांबूनच पाहतो, कारण जवळच्या झोतदिव्यांपुढे चांदण्याचं काही चालत नाही.

चांदणं हा प्रकार कॅमेऱ्याला समजावून सांगावा लागतो. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सूर्याच्या उजेडाच्या साधारण चार लाखाव्या हिश्शाएवढा. पण तो सूर्याचाच उजेड, चंद्रावरून परतलेला. आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी मंद उजेडात काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, म्हणून आपल्याला चांदण्यातलं शेत रुपेरी-करडं दिसतं. कॅमेऱ्याला अशी अडचण नाही. ॲपर्चर २.८, आयएसओ ८००, पंधरा सेकंद दिले की आभाळ निळं, ज्वारी हिरवी. चांदण्या दिसल्या नाहीत तर दुपारच म्हणाल. पहिल्यांदा पाहणारा चकित होतो. पण मी त्या शेतात उभा होतो तेव्हा दुपार नव्हती. मी चार सेकंदांवर थांबतो.

ताऱ्यांसाठी शहर सोडावं लागतं. गारखेड्याच्या गच्चीवरून ध्रुव तेवढा सापडतो: उत्तरेला तोंड करून हात लांब करायचा आणि वीत ताणायची, क्षितिजापासून वीतभर वर तो असतो, कारण आपले अक्षांश वीस. बाकी आभाळ शहराच्या उजेडात धुतलेलं. आकाशगंगा टिपायला मी कन्नडच्या पुढे मेहुण्याच्या शेतात जातो. आपल्या राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या सुरुवातीला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली; तिथल्या गावांत रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवले आहेत. हे आमच्याकडे करायला कुणाची ना नसावी, पण वॉर्डात दिवा मागणारेच सगळे, वळवा म्हणणारा कोण?

माझ्या लेकीचा हात माझ्याहून चांगला आहे. पण तिची निम्म्याहून अधिक चित्रं गच्चीवरून, गॅलरीतून, रिक्षाच्या आतून काढलेली. मी दीड वाजता एखाद्या चौकात ट्रायपॉड लावला तर गस्तीचा पोलीस "काय साहेब, शूटिंग?" एवढंच विचारतो. तिला मात्र बरोबर कोण आहे इथपासून प्रश्न सुरू होतात. "बाबा, तुम्ही नुसते बाजूला उभे राहा, सांगू नका काही," असं म्हणून ती मला घेऊन जाते. मी उभा राहतो. सांगतोही थोडं.

गंमत अशी की या नादाने माझं पोटापाण्याचं कामही बदललं. परण्या निघतो तेव्हा आता मी शटर सेकंदाच्या आठव्या भागावर ठेवतो आणि फ्लॅश शटर मिटता मिटता उडेल असा लावतो. आधी सगळे दिवे, झुंबरं, नाचणाऱ्यांचे हात रेघा ओढतात आणि शेवटी फ्लॅश नवरदेवाला जागेवर धरतो. चेहरा स्वच्छ, मागे उजेडाचा धुरळा. फ्लॅश सुरुवातीला उडाला तर रेघा चेहऱ्याच्या पुढे येतात आणि घोडा मागे मागे चालल्यासारखा वाटतो. मावसाजी यात ओळखू येत नाहीत कधी कधी. त्यांच्यासाठी एक साधा फोटो वेगळा काढून ठेवतो.

आणि दिवाळी. ग्योन मिली या छायाचित्रकाराने १९४९ मध्ये पिकासोच्या हातात छोटा दिवा दिला, अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवलं आणि पिकासोने हवेत चित्रं काढली. ‘लाइफ’ मासिकात ती छापून आली. आमच्या अपार्टमेंटची पोरं हेच फुलबाजीने करतात. गच्चीवरचे दिवे बंद, शटर वीस सेकंद, गडद कपडे, आणि हवेत नाव लिहायचं. लिहिणारा कॅमेऱ्याकडे तोंड करून असतो, म्हणून फोटोत नाव उलटं येतं; ते नंतर फिरवून घ्यायचं. अडचण दुसरीच. मराठी नावाला वर रेघ लागते, आणि अक्षरं होईपर्यंत फुलबाजी संपते. गेल्या दिवाळीत ‘समर्थ’मधल्या रफारापर्यंत येता येता तीन फुलबाज्या विझल्या. शेवटी समर्थच्या बहिणीने तोडगा काढला: तू अक्षरं लिही, रेघ मी वरून ओढते. ती स्टुलावर चढली, तो खाली. पहिल्या फोटोत रेघ अक्षरांपासून हातभर वर निघाली. त्यावरून दोघांचं जे भांडण लागलं ते सोडवायला तिची आजी वर आली, आणि "द्या इकडे" म्हणून तिने फुलबाजी हातात घेतली.